चिमटीतला कोट

"त्याला कापून टाकलंय हो, तुकडे तुकडे केलेत," असं बाईने फोनवर सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्या हवालदाराने पुढचं काही न विचारता खून म्हणून नोंद केली होती. त्यामुळे बुधवारी सकाळी आठ वाजता इन्स्पेक्टर अत्तिलिओ क्रिस्कुओलो नेपल्सच्या किआया भागातल्या त्या जुन्या इमारतीत, बंद लिफ्टला शिव्या घालत, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर आला. वर पोचल्यावर कळलं, कापलाय तो कोट.

"कोट?" त्याने धापा टाकत विचारलं.

"निळा कोट," जुदित्ता म्हणाली. रोक्कानेरा शिंपीघरात काजं करणारी ही साठीची बाई घरातलं माणूस गेल्यासारखे डोळे पुसत होती. "शुक्रवारी फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनाला जायचा होता. सगळ्यात पहिला तोच दिसणार होता."

अत्तिलिओ मागे वळला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुख्यालयातून साहेब बोलत होते.

"क्रिस्कुओलो, मी स्वतः रोक्कानेराचे कोट घालतो. नीट बघ. उद्या दुपारपर्यंत मला नाव हवंय."

"साहेब, कोट आहे तो."

"म्हणूनच सांगतोय."

जूनचा उकाडा, त्यात ही कटकट. अत्तिलिओने कपाळ पुसलं आणि आत गेला.

कापायच्या लांब टेबलावर तुकडे पसरले होते. दोन बाह्या, पाठीचे दोन भाग, कॉलर, अस्तराच्या चिंध्या. त्यावर एक जड लोखंडी कात्री मुद्दाम मांडून ठेवल्यासारखी पडली होती. दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे: मालक ओत्तावियो रोक्कानेरा, व्यवस्थापक लिवियो, कटिंग मास्तर सबातो योविने आणि जुदित्ता.

"ही कात्री कुणाची?"

जुदित्ताने मान खाली घातली. "सबातो मास्तरांची. तिला दुसरं कुणी हात लावत नाही."

अत्तिलिओने वैतागून शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर हात टेकला. हात ओला झाला. टेबलावरचं जाड कापड अजून दमट होतं.

"काल इस्त्री कुणी केली?"

"कुणीच नाही. काल दिवसभर फक्त काजं चालली होती."

त्याने हात पँटला पुसला आणि मालकाच्या खोलीकडे निघाला. दारातच त्याचा पाय एका चामडी बॅगेला अडखळला. ओत्तावियो लगबगीने उठला आणि त्याने बॅग उचलून स्वतःच्या खुर्चीमागे ठेवली.

"जपून साहेब. प्रदर्शनाचं सामान आहे."

ओत्तावियो पंचावन्नचा. अंगात सैल, बिनअस्तराचा, मातकट रंगाचा कोट. इतका साधा, की त्याची किंमत विचारायची सोय नव्हती. शेजारी बसलेला लिवियो मिलानहून आलेला, पस्तिशीचा. घोळदार पँट, पायात मोजे नाहीत. दोघांनी अत्तिलिओच्या कोटाकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. हा कोट त्याने मुलीच्या लग्नात मोठ्या दुकानातून घेतला होता. गेल्या महिन्यात बंदोबस्तावर पावसात भिजल्यापासून त्याच्या छातीवर फोड आल्यासारखे फुगे आले होते.

"या कोटात एवढं काय होतं?" अत्तिलिओने विचारलं.

"साहेब, यंदा सगळ्या जगाला हाताचं काम हवंय," ओत्तावियो म्हणाला. "बाहेर नाव नको, चमक नको. कोट घालणाऱ्याला आतला टाका ठाऊक असला की पुरे. गेली दहा वर्षं मिलान, पॅरिस आम्हाला म्हातारे म्हणून हसत होते. आता तेच आमच्या दारात येतात. निळा कोट मास्तरांनी पाच आठवडे खपून केला. त्याच कापाचे आणखी अकरा आहेत, आमच्यासाठी घरून काम करणाऱ्या बायकांनी शिवलेले. तयार आहेत, लिवियोच्या कपाटात पिशव्यांत बंद आहेत."

"कुणावर संशय?"

ओत्तावियोने सुस्कारा सोडला. "मला लहानपणी ज्याने खांद्यावर बसवून समुद्र दाखवला, त्याचं नाव घ्यायला जीभ वळत नाही. पण काल दुपारी मास्तर माझ्याशी भांडले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी खांदा रुंद, पाडलेला करू, सध्या तीच मागणी आहे. ते म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत या कोटाला पडका खांदा लागणार नाही. सगळ्यांनी ऐकलंय."

"लेखी द्याल?"

"द्यावंच लागेल."

लिवियोने हात झटकला तसं त्याच्या बाहीचं लोंबतं बटण तुटून जमिनीवर घरंगळलं. त्याने खालीसुद्धा पाहिलं नाही. "कोट नाही म्हटल्यावर कुवाहारांनाही आज येऊ नका म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "ओसाकाचे मोठे ग्राहक आहेत. आता थेट फ्लॉरेन्सलाच बघतील."

ओत्तावियोने वाकून बटण उचललं. टेबलावरच्या रिळाचा दोरा त्यातून ओवला, मग समोरच्या नमुन्यांच्या पुठ्ठ्यावरची आणखी दोन बटणं त्याच दोऱ्यात ओवून गाठ मारली. बोलता बोलता, न बघता. "मास्तरांचं नाव असलेली पट्टी अकरा कोटांच्या आत लावली आहे," तो म्हणाला. "ती आता काढावी लागणार."

"जुदित्ताबाईंना सांगा, तासाभराचं काम आहे," अत्तिलिओ म्हणाला.

"नको, नको. मी स्वतः काढीन. फ्लॉरेन्सला गेल्यावर."

सबातो योविने मागच्या खोलीत खिडकीपाशी उभा होता. बहात्तरीचा, ताठ, गळ्यात मापाची टेप. किल्ली मागून घेतली होती, कात्री पंचनाम्यात गेली होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"मास्तर, काल संध्याकाळी कुठे होतात?"

"सहाला निघालो. घरी. एकटाच असतो. साक्षीदार हवा असेल तर शेजाऱ्याचं मांजर आहे."

"भांडलात का?"

"मी ओत्तावियोशी चाळीस वर्षं भांडतोय. आधी त्याच्या बापाशी भांडायचो. भांडलो म्हणजे कोट कापतो का कुणी? इथल्या प्रत्येक कोटावर माझे ओरखडे निघाले असते मग."

"कात्री तुमची आहे."

"कात्री माझी आहे, हे मीच सांगतोय. रात्रभर खुंटीला असते. हात सगळ्यांना आहेत."

अत्तिलिओला घाम फुटला होता. सरळ उत्तर म्हणून कुणी देत नव्हतं. "मला नाव द्या कुणाचं तरी. नाहीतर तुमचंच जाईल."

"नाव?" म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "साहेब, एक्कावन्न वर्षं मी कापतोय आणि पट्टी रोक्कानेराची लागतेय. यंदा ओत्तावियो म्हणाला, मास्तर, आत तुमचं नाव घालू. 'हा कोट सबातो योविने यांनी कापला.' एवढंच. माझी बायको असती तर तिने ती पट्टी देव्हाऱ्यात ठेवली असती. आणि तोच कोट मी कापून ठेवीन? आता सगळ्या शहराला हे नाव कळेल ते चोरासारखं."

म्हातारा पुढे आला आणि काही कळायच्या आत त्याने अत्तिलिओच्या कोटाचा छातीवरचा भाग दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"कुणी विकला हो तुम्हाला हा?"

"मास्तर, प्रश्न मी विचारतोय."

"बघा तरी. चांगल्या कोटाला तीन थर असतात. बाहेर कापड, आत अस्तर, मधे घोड्याच्या केसांचं कॅनव्हास, हाताच्या टाक्यांनी लटकवलेलं. चिमटीत धरलं की तिन्ही सुटे सरकतात. तुमचा? मधला थर डिंकाने चिकटवलाय. कारखान्यात तीन मिनिटांत होतं. वाफ लागली, पाणी लागलं की डिंक सुटतो आणि हे असं गोवर आल्यासारखं दिसतं."

"मला कोट शिकायचा नाही," अत्तिलिओ चिडून म्हणाला.

"तो ओसाकाचा कुवाहारा आहे ना, तो कोट डोळे मिटून बघतो. फक्त चिमटीने. त्याला मी माझा निळा कोट दाखवणार होतो आज. मीही तो कोट दहा दिवसांनी बघणार होतो."

"दहा दिवसांनी म्हणजे?"

"फोटो काढायला मिलानला पाठवला होता ना. अजून माझ्या डोळ्यांसमोर आलाच नाही. आला तो तुकड्यांत."

बाहेर जुदित्ता सुई शोधायला बटणांचा डबा उपसत बसली होती. अत्तिलिओने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की कोटाचं खोकं काल साडेसहाला आलं. ती निघतच होती. कसलंही नाव नसलेल्या एका पांढऱ्या गाडीतून एकाने आणून दिलं, आणि ओत्तावियोने ते तिच्या हातातूनच घेतलं. तू जा आता, म्हणाला.

"मिलानचे फोटो बघितलेत तुम्ही?"

"नाही बाई. म्हणजे, नाही साहेब." बोलता बोलता तिचा हात डब्यात थांबला. तिने तीन शिंगाची बटणं वर काढली. तिन्ही एका दोऱ्यात ओवून गाठ मारलेली. "ही तर निळ्या कोटाची. यात कशी आली? मी तर बटणं सुटीच टाकते."

अत्तिलिओने ती कागदात बांधून खिशात घातली. दुपारी मास्तर आपला चष्मा, खडू आणि एक जुनी टाचण्यांची गादी वर्तमानपत्रात गुंडाळून चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून गेला. कुणी त्याला निरोप द्यायला खाली गेलं नाही. अत्तिलिओला स्वतःचीच चीड आली. साहेबांना द्यायला नाव तयार होतं, सही केलेली फिर्याद हातात होती, आणि त्यातल्या एकाही ओळीवर त्याचा विश्वास बसत नव्हता.

गुरुवारी सकाळी बायको त्याच्या कोटावर इस्त्री फिरवत होती.

"किती वेळा सांगितलं, हा टाकून दे," मिरेल्ला म्हणाली. "मी वाफ मारली की हा आणखी फुगतो. बघ, आत्ताच नवा फोड आला. कुणासमोर घालून जाऊ नको, लाज वाटते."

अत्तिलिओ कॉफी पिता पिता थांबला. दमट कापड आठवलं. टेबलावरच्या बाह्या, पाठ, कॉलर आठवली. मग जे टेबलावर नव्हतं ते आठवलं. आपण किती तास त्या तुकड्यांभोवती डोकं आपटत होतो, आणि साधे मोजले नाहीत, याचा त्याला इतका राग आला की त्याने कप आदळला.

"काय झालं?"

"काही नाही. दे तो कोट. हाच घालून जाणार आहे."

निघण्यापूर्वी त्याने दोन फोन केले. एक सबातोला, एक हॉटेलात कुवाहाराला.

दहा वाजता सगळे कापायच्या टेबलाभोवती उभे होते. ओत्तावियो घड्याळ बघत होता. त्याची फ्लॉरेन्सची गाडी बाराची होती. मास्तर दारापाशीच थांबला होता, परक्या घरात आल्यासारखा.

"कोटाचे तुकडे मी आज मोजले," अत्तिलिओ म्हणाला. "दोन बाह्या आहेत. पाठ आहे. कॉलर आहे. पुढचे दोन भाग नाहीत. छाती नाही. रागाने कोट कापणारा माणूस निम्मा कोट घरी घेऊन जात नाही."

"म्हणजे काय?" लिवियो म्हणाला.

"म्हणजे कोट रागाने कापलेला नाही. पुढचे भाग गायब करायचे होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून बाकीचा कापला. आता पुढच्या भागात असतं काय? मास्तरांनी काल मला शिकवलं, मी शिकायला तयार नव्हतो तरी. आत कॅनव्हास असतं. हाताने लटकवलेलं, नाहीतर..." त्याने स्वतःच्या छातीवरचा फुगा दाखवला, "हे असं."

जुदित्ताने तोंडावर हात ठेवला.

"मंगळवारी संध्याकाळी खोकं आलं. कोट प्रवासात चुरगळला होता. सकाळी कुवाहारा येणार, म्हणून कुणीतरी त्याला वाफेची इस्त्री दिली. इस्त्रीचं कापड सकाळपर्यंत ओलं होतं. वाफ लागली आणि छातीवर फोड आले. खोक्यातून आला तो मास्तरांचा कोट नव्हताच. कारखान्यातली नक्कल होती. सकाळी मास्तर त्याला हात लावणार, मग कुवाहारा चिमटीत धरणार. सगळं उघडं पडणार. नाहीसा करावा, तर चौकशी होणार. म्हणून त्या कोटाचा खून केला, आणि वर मास्तरांची कात्री ठेवली. भांडण दुपारी झालंच होतं. आयतंच सापडलं."

"चार किल्ल्या आहेत," ओत्तावियो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"आहेत. लिवियोचीही आहे. पण लिवियो मिलानचा, हिशेबातला माणूस. काल त्याच्याच बाहीचं बटण पडलं तर त्याने ढुंकून पाहिलं नाही. ज्याने कोट कापला, त्याने पुढचे भाग लपवण्याआधी तीन बटणं काढून डब्यात टाकली." अत्तिलिओने कागद उघडला. "एवढ्या घाईतसुद्धा. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला बटणासकट कोट टाकवत नाही. जुदित्ताबाई सुटी टाकतात. ही ओवून गाठ मारलेली आहेत. काल तुम्हीही तेच केलंत, ओत्तावियोसाहेब, माझ्या डोळ्यांसमोर, बोलता बोलता."

ओत्तावियोने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"आईची सवय," तो म्हणाला. "सुटं बटण घरात दिसलं की रागवायची."

"बॅग उघडता?"

त्याने स्वतःच उघडली. शर्टांच्या खाली निळे दोन भाग घडी घालून ठेवले होते. छातीवर फोड होते. आतल्या खिशाजवळ पांढरी पट्टी होती, यंत्राच्या टाक्यांनी शिवलेली. सबातो योविने.

मास्तर पुढे आला. पट्टी वाचायला त्याने चष्मा लावला.

"माझा कोट कुठे आहे, ओत्तावियो?"

"कारखान्यात." ओत्तावियो टेबलाच्या कडेवर बसला. "मागणी बघताय ना मास्तर तुम्ही. तुमचा एक कोट व्हायला पाच आठवडे. मला बारा हवे होते, मग बाराशे. लिवियोने एक कारखाना शोधला. त्यांना कळेना खांदा कसा बसवलाय, म्हणून त्यांनी तुमचा कोट उसवून बघितला. मग त्यांना तो परत जोडता आला नाही. मला वाटलं होतं तुमचाच येतोय. इस्त्री फिरवली आणि..."

"जोडता आला नाही," मास्तर म्हणाला आणि थोडासा हसला. मग हसू गेलं. "आणि मला चोर केलंस."

"मी नंतर तुम्हाला परत बोलावणार होतो. आईशप्पथ."

अत्तिलिओला हे ऐकवेना. "खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा लागेल," तो म्हणाला. स्वतःच्या कानाला ते फार थोडं वाटलं. स्वतःचा कोट कापला म्हणून कायदा कुणाला काही करत नव्हता, आणि एक्कावन्न वर्षांसाठी त्याच्या वहीत कलमच नव्हतं.

"बाकीचे अकरा दाखवा," मास्तर म्हणाला.

लिवियोने ओत्तावियोकडे पाहिलं. ओत्तावियोने मान हलवली. कपाट उघडलं. पिशव्यांच्या चेनी उघडल्या गेल्या. मास्तर ओळीने चालत गेला. प्रत्येक कोटाची छाती दोन बोटांत धरायची, बोटं घासायची, पुढे जायचं. अकराव्या कोटापाशी तो थांबला. अकराही चिकटवलेले होते.

"मास्तर, पट्ट्या राहू द्या," ओत्तावियो म्हणाला. "नाव राहील तुमचं. उद्या पहिल्या रांगेत बसा. सगळं जग वाचेल. कुणाला कळणार नाही, चांगले दिसतात ते."

म्हाताऱ्याने जुदित्ताकडे हात पुढे केला. तिने त्याला आपली छोटी कात्री दिली. खुर्ची ओढून तो बसला, पहिला कोट मांडीवर घेतला, अस्तर उलटवलं आणि स्वतःच्या नावाचे टाके एकेक करून उसवायला लागला. कापडाला जरासुद्धा इजा होऊ न देता. पहिली पट्टी निघाली. ती त्याने गुळगुळीत करून बंडीच्या खिशात ठेवली आणि दुसरा कोट मागितला. जुदित्ता शेजारी उभी राहून एकेक कोट देत होती आणि रडत होती.

दाराची घंटा वाजली. ओत्तावियो उभा राहिला, पुन्हा बसला. कुवाहारा आला आहे हे अत्तिलिओने सांगायची गरज नव्हती. दार कुणी उघडावं हे कुणालाच कळेना. सगळे मास्तरकडे बघायला लागले.

मास्तरने मान वर केली नाही. चौथ्या पट्टीचा शेवटचा टाका राहिला होता.

"उघड गं जुदित्ता," तो म्हणाला. "लिफ्ट बंद आहे. पाहुण्याला दम लागला असेल, आधी पाणी दे."